शुक्रवारचं आम्ल

परभणी, शुक्रवार

तीर्थरूप अक्कास सुग्रीवचा साष्टांग नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? सेलूच्या सरकीच्या धुळीनं दाजींचा खोकला वाढला असेल तर त्यांना इकडे पाठव. इथे धूळ नाही, नुसता आंबूस वास आहे.

सकाळपासून माझं बूड एका जागी टेकत नाही, म्हणून लिहायला बसलो. आमच्या प्रयोगशाळेचं काम तुला ठाऊकच आहे: गुळाचं पाणी आंबवायचं अन् त्या गढूळ पाण्यातलं आम्ल वेगळं काढायचं. त्याला पापुद्र्यासारखी पातळ गाळणी असते. (तिची भोकं डोळ्याला दिसत नाहीत. दिसतात म्हणणारे आमचे वरिष्ठ थापा मारतात.) दाब दिला की जंतू अन् गाळ अलीकडे राहतो, आम्लाचं नितळ पाणी पलीकडे जातं. आज पुण्याचे साहेब तपासणीला आले. त्यांच्या शेऱ्यावर माझी नोकरी कायम व्हायची होती, अन् नेमकी वीज गेली! पंप बंद, आम्ल मोजायचं यंत्र बंद. मी सायकलचा पंप जोडून हापसत बसलो, घामाघूम झालो, पण पाणी आलं बघ, अगदी स्वच्छ. साहेब खूश. म्हणाले, यंत्र नाही तर नाही, जीभ आहे ना, चाखा.

आता तुझी भावजय दैवशाला संतोषीमातेचे सोळा शुक्रवार करतेय, आजचा शेवटचा. घरात कुणी आंबटाला शिवायचं नाही. (माझ्या नोकरीसाठीच करते बिचारी, दुसरं कशासाठी करणार?) मी हात मागे बांधून उभा राहिलो. साहेबांना वाटलं, याचाच आपल्या पाण्यावर भरवसा नाही. मग त्यांनीच बोट बुडवून चाखलं. एक डोळा मिटला, कान हलले. मला इतका आनंद झाला की बोलून गेलो, "मीच चाखलं असतं साहेब, पण आमच्या घरी शुक्रवार हाय."

साहेब पांढरेफटक पडले. त्यांच्याही घरी शुक्रवार, अन् बाईसाहेब कडक! तांब्याभर पाण्यानं चुळा भरल्या अन् शेरा लिहिला: 'चाखून पाहिले. आंबट नाही.' आंबट नाही म्हणजे आम्ल नाही, अन् आम्ल नाही म्हणजे मीही नाही. अक्का, मला हसू येतंय अन् रडूही.

तुझा सुग्रीव

ता. क. खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच लिहिलं: दैवशालेला हे सांगायची माझी छाती होत नाही. इतके शुक्रवार गूळ-फुटाण्यावर काढले तिनं. तूच ये अन् सांग.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवायच्या आत तिनं वाचलंच. म्हणाली, "देवीला मी काय मागायलेय, इचारलं का कधी? तुमच्या अंगाचा आंबट वास जाऊ दे, एवढंच." देवी पावली म्हणून लय खुशीत आहे. तुला अन् दाजींना उद्यापनाच्या खीर-पुरीला बोलावलंय.