माझ्या कार्डाची बारीक रेघ

लोणावळा, रविवार संध्याकाळ

गेम सुरू केला आणि पडद्यावर प्रश्न आला, तुमच्या कॉम्प्युटरची माहिती पाहणीत घेऊ का? कुठल्या कंपनीचं ग्राफिक्स कार्ड किती गेमर वापरतात, ते मोजतात; मोजक्याच जणांना निवडून विचारतात. मी लगेच ‘हो’ दाबलं.

माझं कार्ड वडगावहून आणलेलं, छोट्या कंपनीचं. लेक चिडवते, "आई, पाहणीच्या आलेखात तुझ्या कार्डाच्या कंपनीची रेघ भिंगातून शोधावी लागते!" तिला फोन केला तर किंचाळलीच, "मला त्यांनी कधीच विचारलं नाही! तू काय गेमर आहेस?"

आहेच मुळी! एवढा आनंद कशाचा पण? कॉन्व्हेंट शाळेत हजेरीला ‘प्रेझेंट, सिस्टर’ म्हणताना व्हायचा, तोच हा.

ती रेघ आता माझ्यामुळे केसभर तरी जाड होईल.