काकवी, केरबा आणि माझा आउटस्विंग

२९ डिसेंबर, रविवार
जिंकलो. तीन विकेट माझ्या. पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं बॉल असा नाचवावा? नाद खुळा!
मॅच संपल्यावर कॅप्टन विश्वजित सगळ्यांसमोर म्हणाला, आण्णा, बॉल बोलतोय की तुमचा. मी नुसता हसलो. बॉल का बोलतो ते मला एकट्याला माहीत.
काकवी.
परदेशातले खेळाडू म्हणे गोड गोळ्या चघळून बॉलला थुंकी लावतात. थुंकी! आमच्या कोल्हापुरात गुऱ्हाळं धडधडतायत आणि आम्ही थुंकी लावायची? मी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत काकवी भरून पँटच्या खिशात ठेवतो. एक बोट, बॉलच्या एकाच बाजूला. कॉलेज संपल्यापासून हेच चाललंय. ना बायकोला, शालनला पत्ता, ना केरबाला. केरबा माझा विकेटकीपर आणि जिवाभावाचा दोस्त. कबनूरला त्याचे कापडाचे माग आहेत. त्याच्यापासून लपवायचं जिवावर येतं, पण सिक्रेट ते सिक्रेट.
चोरून करावं लागतं, याची मात्र लाज वाटते. म्हणजे मला नाही. नियमाला वाटली पाहिजे.

१ जानेवारी, बुधवार
संकल्प: बॉल टॅम्परिंग कायदेशीर करून घेणार. सुरुवात आपल्या चाळिशीपुढच्यांच्या स्पर्धेपासून. मग जिल्हा. पुढचं पुढं.
भाषणाचे मुद्दे काढले. बॅट्समनला हेल्मेट, गार्ड, फळकुटासारखी जाड बॅट. बाउंड्री रोज आत सरकते. बॉलरला काय? घाम. तोसुद्धा स्वतःचा. बॅटला तेल लावलं तर निगा, बॉलला काही लावलं तर चोरी? पैलवान अंगाला तांबडी माती लावतो, त्याला कुणी टॅम्परिंग म्हणतं का? हा शेवटचा मुद्दा आपल्या गावात बसणारच.
केरबा चहाला आला होता. काकवीचं काही बोललो नाही, फक्त ठराव सांगितला. त्याला ठसकाच लागला. म्हणाला, कशाला उकरून काढतोस अमऱ्या, चाललंय ते चालू दे की. याला दूरदृष्टी नाही. मागावर बसून माणूस सरळ रेषेत विचार करायला लागतो.
शालन म्हणते, तुमच्या पँटच्या खिशात सारख्या मुंग्या का होतात? म्हटलं, हवामान.

४ जानेवारी, शनिवार
ठराव पास!!
स्पर्धेच्या सभेत भाषण काटा किर्र झालं. पैलवानाच्या मुद्द्याला टाळ्या. पेठ वडगावच्या टीमचा कॅप्टन म्हणाला, आमची काय हरकत न्हाय. चाकू-ब्लेड सोडून बॉलला काय वाटेल ते लावा, असं ठरलं. माझ्या मते भारतात पहिल्यांदाच.
विरोधात हात एकच. केरबाचा.
भरल्या सभेत! सख्ख्या दोस्तानं! शाळेत याला गणित मी दाखवलं, लग्नात याच्या घोड्यापुढं नाचून माझा पाय मुरगळला. त्याच्याच स्कूटरवरून घरी आलो. उतरल्यावर थँक्यूसुद्धा म्हटलं नाही. समजू दे.

५ जानेवारी, रविवार
आज पहिल्यांदा उघड्यावर बाटली काढली. अंपायरसमोर! सगळी टीम बघत होती. छाती अशी भरून आली की एका बोटाऐवजी तीन बोटं लावली.
पहिला बॉल बोटालाच चिकटून राहिला आणि माझ्याच पायावर पडला. दुसरा वाइड. तिसरा गवतातून परत आला तो लाडू होऊन, वर माती आणि काड्या. तो फिरला नाही. चौथाही नाही. पाचवा बॅट्समननं झाडावर मारला.
दोन ओव्हरनंतर विश्वजितनं बॉल काढून घेतला. या सीझनला जो चालेल त्यालाच पुढं ठेवणार, असं त्यानं दिवाळीतच सांगितलंय. पण मी घाबरत नाही. दोष कुठं आहे ते मला कळलंय. काकवी भेसळीची आहे. साखर घालतात हल्ली.
केरबा बॉल परत देताना माझ्याकडं बघत पण नव्हता.

९ जानेवारी, गुरुवार
रजा टाकून वडगावकडच्या गुऱ्हाळावर गेलो. समोर कढईतून काढून घेतली. अस्सल. घट्ट. गुऱ्हाळवाल्यानं विचारलं, पावणं, भाकरीसंगं खायला काय? म्हटलं, आउटस्विंगला. तो बराच वेळ बघत राहिला. सामान्य माणसाला हे कळायला वेळ लागणार.

१२ जानेवारी, रविवार
आज जे झालं ते लिहायला हात उचलत नाही.
अस्सल काकवीनं बॉल अजिबातच फिरला नाही. वर एक गांधीलमाशी आली ती बॉलच्या मागंच लागली. माझा एक बॉल चक्क बरोबर पडला, कट लागून स्लिपमध्ये उडाला, तर फिल्डर माशी बघून बाजूला झाला. लोक हसून लोळले. वडगाववाले तर खालीच बसले. विश्वजित जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, आण्णा, सेमीफायनलला जरा आराम करा.
आराम! मी!
आणि एवढ्यावर भागलं नाही. परतताना केरबानं स्कूटर रंकाळ्याला थांबवली आणि सांगून टाकलं. म्हणाला, तुझी काकवी मला पहिल्या दिवसापासून माहीत हाय. कंबरेला मागावरचं फडकं खोवतो ते कशाला? बॉल माझ्याकडं आला की मी काकवी पुसून काढायचो, मगच परत द्यायचो. अंपायरनं धरलं असतं तर तुझी अब्रू गेली असती. आता तूच कायदा केलास, तर म्हटलं कशाला पुसू.
एवढी वर्षं. प्रत्येक बॉल.
म्हणजे मी टॅम्परिंग केलंच नाही?
तिथंच उतरलो. चालत घरी आलो. पाय दुखले, पण जास्त काळीज दुखलं.

१३ जानेवारी, सोमवार
झोप नाही. माझ्या पाठीमागं माझ्या बॉलशी छेडछाड! विश्वास ठेवायचा कुणावर? चीटिंगला सुद्धा काही नीतिमत्ता असते की नाही?
टीमच्या ग्रुपवर सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं, केरबा फितूर आहे. वाटलं, टीम पेटून उठेल. हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. विश्वजितनं लिहिलं, आण्णा, तुम्हाला आत्ता कळलं व्हय?
सगळ्यांना माहीत होतं!
शालनकडं मन मोकळं करायला गेलो. ती भाजी निवडत म्हणाली, अवो, फडक्याचे डाग कसे काढायचे ते केरबाभावजींनी मलाच विचारलं होतं, कोमट पाण्यात भिजवा म्हणून मीच सांगितलं.
या घरात माझं कोणी नाही.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत
संध्याकाळी केरबा तिळगूळ घेऊन आला. मी आतल्या खोलीतून बाहेर आलो नाही. फितुराशी गोड बोलणार नाही. शालननं त्याला चहा दिला. दोघं हसत होते. कशाला हसत होते ते दाराला कान लावूनही कळलं नाही.
जाताना म्हणाला, रविवारी मी न्हाय खेळत, फितूर माणूस टीममध्ये कशाला. मी आत हुं केलं. त्याला ऐकू गेलं असेल, जरा बरं वाटलं.

१६ जानेवारी, गुरुवार
आज अंघोळ करताना लख्ख उजेड पडला. केरबा काकवी पुसत होता. म्हणजे काकवी नव्हतीच. तरी बॉल फिरत होता. म्हणजे तो मी फिरवत होतो! माझं मनगट! च्यायला, मी जन्मजात बॉलर आहे आणि एवढी वर्षं श्रेय उसाला देत बसलो!
विश्वजितला फोन केला. त्याच्या एका बॉलरची पाठ धरलीय. नाइलाजानं हो म्हणाला. नाइलाज त्याचा, सोनं माझं.
संकल्प: कोरडा बॉल. रविवारी पाच विकेट. टॅम्परिंगवर बंदी आणायचा ठरावही मीच मांडणार.

१९ जानेवारी, रविवार
सेमीफायनल हरलो.
बॉल सरळ गेला. सगळे बॉल सरळ गेले. पट्टी लावून आखल्यासारखे. नवा कीपर बॉल झेलायचा आणि तसाच फेकायचा. चौथ्या ओव्हरला मी त्याच्यावर ओरडलो, पण काय कर म्हणून ओरडावं तेच कळेना.
नंतर विश्वजित शेजारी येऊन बसला. म्हणाला, आण्णा, राग मानू नका. तुम्ही काकवी एकाच बाजूला लावायचा. केरबादादा ती काढायला तीच बाजू फडक्यानं घासायचे, दर बॉलला. एक बाजू आरशासारखी व्हायची, दुसरी खरबरीत राहायची. त्यानं फिरायचा बॉल.
मी म्हटलं, म्हणजे टॅम्परिंग केरबा करत होता!
तो म्हणाला, न्हाय आण्णा, कोरड्या फडक्यानं पुसायला पहिल्यापासून परवानगी हाय.
येताना स्कूटर नाही. रिक्षाही मिळाली नाही.

२५ जानेवारी, शनिवार
केरबाचा फोन नाही. मी करणार नाही. चूक ज्याची त्यानं करावा. फोन चार्ज करून उशाशी ठेवलाय.

३ फेब्रुवारी, सोमवार
उद्या रथसप्तमी. तिळगूळ द्यायचा शेवटचा दिवस. ठरवलं, केरबाला माफ करून टाकायचं. मोठं मन लागतं, ते माझ्याकडं आहे. उरलेल्या काकवीचेच लाडू करायचे. शालन म्हणाली, काकवीचे लाडू वळत न्हाईत, चिक्कीचा गूळ लागतो. मी स्वतः वळले. वळले म्हणजे डब्यात बसवले.

४ फेब्रुवारी, मंगळवार. रथसप्तमी
एसटीनं कबनूरला गेलो. वाटेत वाक्य पाठ केलं. केरबा, झालं गेलं सोडून दे, मी तुला माफ केलं.
शेडमध्ये सगळे माग चालू. खडखडाटात काही ऐकू येईना. मी म्हटलं, तुला माफ केलं. त्यानं कानामागं हात धरला. मोठ्यानं म्हटलं. तो ओरडून म्हणाला, काय? साफ? माझ्या डोळ्यात पाणी आलं, सूत उडत होतं म्हणून असेल. आणि काय झालं कुणास ठाऊक, पाठ केलेलं वाक्य गेलं आणि मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, अरे, तुझ्याशिवाय माझा बॉल फिरत न्हाय रं!
नेमकी तेव्हाच लाईट गेली.
सगळे माग बंद. सगळी शेड माझ्याकडं बघत होती. सुताच्या कांड्या भरणाऱ्या म्हातारीनं तोंडाला पदर लावला.
मी डबा पुढं केला. लाडू निघेना. बोटं घालून ओढला तर हाताला चिकटला, झटकला तरी सुटेना. केरबानं कंबरेचं फडकं काढलं आणि माझी बोटं एकेक करून पुसली. मग डब्यातला लाडू चमच्यानं खाल्ला. गोड झालाय म्हणाला.
स्कूटरवर स्टँडपर्यंत सोडलं. उतरताना म्हणाला, अमऱ्या, पुढच्या सीझनला स्पिन टाक.
बघतो म्हटलं.