विंगेत उभा राहून

प्रिय अक्का,

खुशालीच्या चार ओळी खरडून पाकीट बंद करायची माझी खोड तुला माहीत आहे. आज मात्र सगळं लिहायला बसलोय. शिलाईचं मशीन जरा बंद ठेव, चहा करून घे आणि सावकाश वाच.

आधी ताजी बातमी. यंदा मला ऑपेराच्या कोरसमधून, मागे घोळक्यात गाणाऱ्यांतून, काढलं. आमच्या तालमी घेणाऱ्या बाई कधी कुणाला "बसा" म्हणत नाहीत. त्या दिवशी त्यांनी स्वतः खुर्ची पुढे सरकवली, तेव्हाच मी काय ते ओळखलं. "वरचे सूर तुम्हाला हल्ली ताणावे लागतात," त्या म्हणाल्या. खोटं काय सांगू, त्यांचं बरोबर होतं. आता मी त्याच ऑपेराच्या इमारतीत, तळघरातल्या कपडेपटात असतो. घामेजलेल्या कॉलरी पुसतो, तुटलेले हूक शिवतो. वरची तालीम छतातून ऐकू येते. कधीकधी ओठ आपोआप हलतात, मग मी दोरा दातात धरतो.

आठवतं का गं, मी पहिल्यांदा घरात ऑपेराचा तो उंच सूर लावला तेव्हा शेजारच्या काकू धावत आल्या होत्या? "कोण गेलं?" म्हणून विचारत होत्या! बाबा तर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. तू खिडकीला गादी लावलीस आणि म्हणालीस, "आता ओरड हवं तेवढं." तुझं कॉलेज सुटलं ते माझ्या शिकवणीपायी, हे आपण दोघांनी कधी तोंडाने म्हटलं नाही.

इथे परदेशात आलो तेव्हा वाटलं होतं, वर्षभर कोरस, मग छोटी भूमिका, मग मोठी. कोरसमध्येच केस पांढरे झाले. कधी सैनिक, कधी कैदी, कधी जत्रेतला माणूस. रंगपटात सगळे मला 'भालदार' म्हणायचे, कारण माझ्या हातात बहुधा भालाच असायचा. मीही हसायचो. आई गेल्याचा तुझा फोन आला तेव्हा मी लग्नाच्या वऱ्हाड्याच्या वेशात होतो, पडदा वर जायच्या बेतात होता. तू म्हणालीस, "येऊ नकोस रे, तुला वेळेत पोचता यायचं नाही." त्या प्रवेशात आम्हाला नवरदेवाची थट्टा करून खदाखदा हसायचं असतं. मी हसलो, अक्का. सगळ्यांच्या बरोबर, तालात हसलो. नंतर न्हाणीघरात तोंडावरचा रंग धुताना पाणी किती वेळ वाहत राहिलं कोण जाणे.

आणि ती संध्याकाळ, जिचं मी तुला फक्त "छान झालं" एवढंच कळवलं होतं. मुख्य गायकाचा आवाज मध्यंतरात पार बसला. बदली गायक परगावी होता. ती भूमिका मला तोंडपाठ होती, हे आमच्या बाईंना ठाऊक होतं. असं ठरलं की तो रंगमंचावर अभिनय करील, ओठ हलवील, आणि मी विंगेत उभा राहून गाईन. माझ्या अंगावर सैनिकाचा अर्धवट काढलेला वेश, पायात साध्या चपला. शेवटी राजा मुलीला निरोप देतो ते गाणं आलं. तिथे माझ्या घशात आई आली, तू आलीस, सगळेच आले. माझा आवाज लांबवरच्या सज्जापर्यंत जाऊन परत येताना मी ऐकला. लोक उभे राहिले. आमच्या मंडळींनी मलाही बाहेर ओढून नमस्कार करायला लावला, पण टाळ्या वाजवणाऱ्यांचे डोळे त्या मुख्य गायकावरच होते. ज्याला रडताना पाहिलं, त्यालाच ते दाद देणार. त्यांचं तरी काय चुकलं?

दुसऱ्या दिवशी मी धीर करून दिग्दर्शकांकडे गेलो. म्हटलं, पुढच्या वेळी मला या भूमिकेसाठी ऐकाल का? त्यांनी माझा हात हातात घेतला. "आवाजाबद्दल प्रश्नच नाही," ते म्हणाले, "पण लोकांना तुम्ही इथला राजा वाटायला हवेत ना!" ते अगदी प्रेमाने बोलले. त्यामुळे मला भांडताही आलं नाही. त्या आठवड्यात मी पुन्हा भाला घेऊन उभा होतो.

आता हे सगळं आजच का, ते सांगतो. चिमणीचं मला परस्पर पत्र आलंय. तुझ्या लेकीला इथल्या संगीतशाळेत प्रवेश मिळालाय आणि तुला सांगायचं धाडस तिला होत नाहीये. "मामा, तूच आईला तयार कर," असं लिहिलंय, सोबत गाण्याचं रेकॉर्डिंग. मी ते ओल्या हातांनी, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या ऐकलं आणि खाली बसलो. अक्का, पोरगी माझ्याहून फार पुढची आहे. तिला अडवायला माझी जीभ रेटत नाही, आणि ये म्हणायलाही रेटत नाही. तिला वाटतं, मामा इथला मोठा गायक आहे. तेव्हा एवढं कर. हे पत्र तिला समोर बसवून पहिल्यापासून वाचून दाखव, काही गाळू नकोस. वाचून झाल्यावरही ती "जाते" म्हणाली, तर मात्र तिला अडवू नकोस. मी न्यायला येईन.

तुझाच,
धाकटा