आखाजीचं पाणी

माय, काल मी त्या रानात जाऊन आले. अमरावतीहून दमणी जुंपून निघालं की डोंगराच्या पायथ्याशी ते लागतं, आणि आता त्याला राखीव जंगल म्हणतात. आत जायला परवाना लागतो. हे अमरावतीच्या शाळेत मास्तर आहेत आणि मास्तराला कोणी लाकूडचोर समजत नाही, म्हणून आम्हाला तो मिळाला. तुला अक्षर येत नव्हतं. मलाही येत नव्हतं. लग्नानंतर ह्यांनी शिकवलं, आणि पुष्कळ वर्षं मी त्या विद्येचा उपयोग फक्त ह्यांच्याच चुका काढायला केला. माझ्या हातचं हे पहिलं पत्र आहे, आणि ते तुला आहे, तू जाऊन तीस वर्षं होऊन गेल्यावर. एक गोष्ट सांगायची आहे. ती मी आजवर ह्यांनाही सांगितलेली नाही.

तेव्हा कापसानं सगळ्यांना वेड लावलं होतं. सातासमुद्रापलीकडे कुठं तरी गोरे आपापसांत लढत होते आणि त्यापायी आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, गावात कोणी ज्वारी पेरायला तयार नव्हतं. गायरान नांगरलं, बांधावरची झाडं तोडली. बाबाच्या थोरल्या भावाची बायको, आपली मोठी माय, म्हणायची, "पोरायले काय सरकी चारता?" पण तिच्याही अंगावर नवं लुगडं आलंच होतं. तू वेचणीला जायचीस आणि बांधावर उरलेल्या एकुलत्या बाभळीला झोळी बांधून बाळाला निजवायचीस. आठ महिन्यांचा होता, अजून दात आले नव्हते. त्याला ताप चढला तेव्हा तू म्हणालीस, अमरावतीच्या वैद्याकडे नेऊ. बाबा म्हणाला, "उद्या गाडी बजारात जाऊनच राहिली. तिच्यातच नेऊ." एका दिवसाचाच प्रश्न होता. मीही गाडीत होते, सात वर्षांची, कापसावर बसायला मिळालं म्हणून खुशीत. बाजाराच्या अलीकडे कोसभर गाड्यांची रांग लागलेली. पुढंही कापूस, मागंही कापूस, गाडी ना पुढं सरके ना वळवता येई. बाबा खाली उतरला आणि म्हणाला, दे इकडं, मी पायीच घेऊन पळतो. तू बाळाच्या तोंडावर पदर ओढलास आणि म्हणालीस, "आता कायले?"

परत येताना बाबानं ह्याच रानाशी गाडी थांबवली. बिनदातांच्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. नाल्याच्या वरच्या अंगाला एका मोहाखाली त्यानं खड्डा केला, आणि कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर मोठमोठे धोंडे ठेवले. तू गाडीतून सगळं पाहत होतीस. तू रडली नाहीस, म्हणून मीही रडले नाही.

मग वैशाखातली आखाजी, अक्षय्य तृतीया, आली. घरोघर पितरांसाठी मातीचे करे भरले गेले. तू एक जास्तीचा करा मांडलास तेव्हा मोठी माय म्हणाली, "दात नाई आले त्याले, त्याच्या नावानं पानी देत नसतात वो. उचल तो." तू उचललास. दुपारी सरपणाला जाते म्हणून निघालीस, आणि तोच करा तुझ्या पदराखाली होता. मी मागून आले तर मला हाकललं नाहीस, एवढंच. मोहाच्या बुडाशी तू पाणी ओतलंस. माती ते भराभरा ओढून घेत होती आणि तू मान वाकवून ऐकत होतीस, जसं मांडीवरचं लेकरू दूध पिताना आई ऐकते. दर वर्षी आपण दोघी जात होतो. खरं सांगायचं तर मला तो दिवस आवडायचा, कारण वर्षातून तेवढीच वाट तू माझ्यासोबत चालायचीस. बाळ गेल्यापासून तू माझी वेणी घालणं सोडलं होतंस. मोठी माय घालायची, आणि तिचा हात जड होता.

त्याच सुमाराला आगगाडी आली, कापसाच्या गाठी बांधायचे कारखाने आले आणि रान सपाट व्हायला लागलं. लोहमार्गाखाली घालायला लाकूड, कारखान्यांच्या बंबात जाळायला लाकूड. मग कोणी साहेब घोड्यावरून येऊन पाहून गेला आणि रानाभोवती चुना लावलेले दगड उभे राहिले. वाटेवर नाका बसला, नाक्यावर नाकेदार. गावानं त्या साहेबाला पोटभर शिव्या दिल्या. मीही दिल्या.

त्याच वर्षी तू अंथरुणाला खिळलीस. आखाजीला उठायला गेलीस आणि भिंतीला धरूनही उभी राहू शकली नाहीस. मला जवळ बोलावलंस, कऱ्यातल्या पाण्यात गुळाचा खडा टाकून बोटानं ढवळलंस आणि म्हणालीस, "तू जाय. बुडाशी सारं वत. रस्त्यानं सांडू नको. आन् मोठ्या मायले सांगू नको." मी अकरा वर्षांची. वैशाखाचं ऊन, पाय भाजत होते, पण एक थेंब सांडला नाही. नाक्यावर नाकेदारानं हटकलं, "कुठी चालली वो? आता आत जाता येत नाई. सायबाचा हुकूम हाये. कऱ्यात काय हाये?" मी म्हटलं, काही नाही. आणि वळले. चुन्याच्या शेवटच्या दगडामागं बसले, आणि माय, ते पाणी मी पिऊन टाकलं. सगळं. करा तिथंच फोडला.

घरी आले तर तू दाराकडेच डोळे लावून होतीस. "वतलं?" "हो." "पेली का माती?" मी म्हटलं, "गटागटा पेली." तू डोळे मिटलेस. किती दिवसांनी तुझा चेहरा सैल झालेला पाहिला. "लई तहानलं होतं माहं लेकरू," म्हणालीस, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवलास. महिनाभरात तू गेलीस. तो हात अजून डोक्यावर आहे, आणि तो मी खोटं बोलून मिळवलेला आहे.

काल आखाजीच होती. तांब्याभर पाणी घेऊन गेले. गावाकडे आता नजर पोचेल तिथवर कापूसच पेरतात, सावलीला झाड नाही. आणि दगडांच्या आत मात्र साग, तेंदू, मोह, तांबूस पालवी फुटलेले. ज्या साहेबाला शिव्या दिल्या त्याच्याच हुकमानं तुझं लेकरू झाडाखाली राहिलं, नाही तर ते झाड कधीच बंबात गेलं असतं. नाल्याच्या वरच्या अंगाला आता तीन मोह आहेत. धोंडे एकाखालीही दिसले नाहीत. मी तर डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि मलाच ओळखता येईना. शेवटी तिन्हींच्या बुडाशी थोडं थोडं ओतलं आणि तिथं बसून मोठ्यानं रडले. हे पाठमोरे उभे राहिले. सोबत आलेला म्हातारा नाकेदार म्हणाला, "घाला जी पानी. आखाजीले आमी कोनाले अडवत नाई, नाका बसला तवापासून. बाया नुसत्या सांगत, लेकराले पानी द्याचं हाये, आन् आमी तोंड फिरवून घेत होतो." तोच होता की दुसरा, ते मी विचारलं नाही. त्या दिवशी मी एक शब्द बोलले असते तर आत गेले असते.

हे पत्र घडी करून कुठं ठेवायचं ते अजून ठरवलेलं नाही. टपालात टाकायचं तर पत्ता नाही, आणि ह्यांच्या हाती लागलं तर ते म्हणतील, अकरा वर्षांचं पोर, तहान लागली, पिऊन टाकलं, त्यात काय. मीही तीस वर्षं स्वतःला हेच सांगत आले. पण काल परतताना बैलांना पाणी पाजायला दमणी थांबली ती नाक्याला लागून असलेल्या विहिरीवर. ती विहीर तेव्हाही होती, माय. मोट चालू होती, दगडी थाळण्यात पाणी पडत होतं, आणि मी तिच्यासमोरूनच कऱ्यासकट पुढं गेले. तहान त्या पाण्यानंही भागली असती. पण तू गूळ त्याच्यासाठी घातला होतास.