नारंगी होईपर्यंत

सडक अर्जुनी,
१९ जानेवारी

टिकेश जीजाजींना ओमेशचा रामराम.

लिहू लिहू म्हणता तीन हप्ते गेले. कागद काढतो अन् त्याच्यावर चहाचा कप ठेवतो. तुमचा डावा डोळा गेला ते समजलं. उजव्यानं वाचाल म्हणून लिहून राहिलो.

इथं हायवेवर ट्रकच्या कमानीचे पाटे जोडतो. मधात बिरसीच्या विमानतळावर गवत कापलं, शिकाऊ विमानं पाहून पाहून मान दुखायची. ते जाऊ द्या.

त्याच्याआधी रायपूरकडं एका कारखान्यात लोखंडाचे तुकडे घासायचं काम होतं. तिथल्या लीलाधर साहेबांनी एकदा सूक्ष्मदर्शकात दाखवलं. पांढरी नरम जमीन, तिच्यात कडक लोखंडाची काळी बेटं. म्हणाले, लाल झाल्याबरोबर पाण्यात टाकलं तर अर्धंच कडक होते. कडक भाग धार धरते, नरम भाग मार खाते. नारंगी होईपर्यंत तापवलं तर सगळंच कडक. मग पुन्हा जरासं शेकावं लागते. नाही शेकलं तर घाव बसला की टवका उडते.

तिथून गावी आलो तेव्हा आपल्या दरेकश्याच्या शालीकराम लोहारकाकांनी जुन्या एक्सलची तुमची कुऱ्हाड ठोकली. ती तापवून पाणी द्यायचं काम मी मागून घेतलं, विद्या दाखवायले. काका जेवायले गेले अन् ताई भट्टीवर आली. जबडा सुजलेला, कानातून रक्त. कापून रचलेल्या धानाच्या पुंजण्यात बैल शिरला, तिले दिसला नाही, म्हणून तुम्ही विळ्याच्या मुठीनं मारलं.

कुऱ्हाड लाल झाली होती. मी भाता फिरवत राहिलो.

चुकून नाही, जीजाजी. नारंगी होईपर्यंत ताईच्या तोंडाकडं पाहत होतो. पाण्यात बुडवली, कानस लावली, कानस घसरली, म्हणजे सगळीच कडक. शेकली नाही. दांडा बसवून तुमच्या हातात दिली अन् म्हटलं, जोरानं मारा. तुमचा डोळा पाहिजे का, असं त्या दिवशी कोणी विचारलं असतं, तर हो म्हटलं असतं.

टवका उडून डोळ्यात गेला, अन् तुम्ही काकांचा दोष समजून त्यांचा उजवा हात ऐरणीवर धरून घनानं फोडला. दवाखान्यात तीन बोटं कापली म्हणे. तरी त्यांनी माझं नाव घेतलं नाही. "माझ्या भट्टीतून निघालं ते माझंच," एवढंच बोलले. आता डोळ्याची पट्टी निघाली की दुसराही हात फोडतो, असं तुम्ही चौकात सांगून राहिले.

काकांले हात लावू नका. बसस्टँडसमोर टायरच्या ढिगाजवळ आमचं दुकान आहे. दिवसभर इथंच राहतो. मले येऊन फोडा. मी कुठंच टिकत नाही, पण इथून पळणार नाही.

थांबा.

आमगावची बस लागली. ताई उतरून राहिली. एकटीच, डोक्यावर टिनाची पेटी. मी इथं आहो हे तिले कोणी सांगितलं, माहीत नाही. इकडंच येऊन राहिली.

तुम्ही तिच्यामागं इथं याल म्हणून वरचा पत्ता फाडून टाकावा वाटलं. फाडला तर काकांचा दुसरा हात जाते. म्हणून राहू दिला.

या. पण आधी मी भेटन, ताई नाही.

भूमेश्वरीचा भाऊ,
ओमेश