खालून येणारा ठोका

गुरुवार, संध्याकाळ

हात धुऊन झाले तरी स्क्रूड्रायव्हरची मूठ अजून कानाशी असल्यासारखी वाटतेय.

सकाळी सावंत सर गाडी घेऊन गॅरेजवर आले. चढावर आवाज करते म्हणाले. नेहमीसारखा लांब स्क्रूड्रायव्हर चालू इंजिनाला टेकवला, मूठ कानाला लावली. काही नाही. दुसऱ्या कानाला लावली, तरी नाही. म्हटलं, "किरकोळ असेल सर, आजच घेऊन जा." उद्या ते घरच्यांना घेऊन मंडणगडला निघणार होते.

तेवढ्यात घरातून सुमन चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. "अहो, हा ठोका खालून येतोय. ऐकू येत नाही काय?"

चिडलो तिच्यावर. पण खालचा चेंबर उघडला तर ऑइलात धातूचा चुरा चमकत होता. क्रँकचं बेअरिंग पार झिजलेलं. घाटात इंजिन जाम झालं असतं.

सर म्हणाले, "तुमच्याकडे आणली म्हणून वाचलो." मी फडक्याला हात पुसत राहिलो. सुमनने रिकामे कप उचलले. ठोका आपण ऐकला, हे ती का नाही बोलली? आणि मी?

क्रँक घासून येईल, बेअरिंग नवीन पडेल. इंजिन मी डोळे मिटूनही बसवीन. पण सुरू केल्यावर ऐकायचं कोणी? मघाशी तोच स्क्रूड्रायव्हर शेजारच्या रिक्षाला लावून पाहिला. थरथर हाताला लागली, कानाला नाही.

आत्ता सुमन एवढंच म्हणाली, "इंजिन बसलं की हाक मारा, चहा आणते."

इतक्या वर्षांत चहासाठी तिला कधी हाक मारावी लागली नाही.