साहेब वाटेत आहेत

प्रिय नेल्सन,

तुझ्या दौऱ्याचा कागद पोचला. 'माननीय राज्यपाल महोदयांची वृद्ध व आजारी मातोश्रींशी सदिच्छा भेट' असं त्यात छापलं आहे. आईला भेटायला सदिच्छा लागते हे मला ठाऊक नव्हतं. मी आपली इतकी वर्षं तिच्याजवळ बिनसदिच्छेचीच राहत आले. त्याच्या वरची ओळ आहे, मालवणात भूमिपुत्र म्हणून तुझा सत्कार. आधी सत्कार आणि मग माय, कारण सत्काराला मंत्री येणार आहेत.

इकडे तुझी तयारी जोरात झाली. गाड्यांचा ताफा पाणंदीतून जाईना म्हणून आपल्या कुंपणाचा दगडी गडगा पाडला. बाबांनी स्वतः रचलेले चिरे आता रस्त्याच्या कडेला ढीग होऊन पडले आहेत. कलेक्टर ऑफिसातला एक चष्मेवाला अधिकारी मायच्या खाटेपाशी उभा राहून मला विचारत होता, बाईंना खुर्चीत बसवता येईल का, फोटोत खाट बरी दिसत नाही. खुर्चीसुद्धा तेच घेऊन आले होते, उंच पाठीची, वर पांढरा टॉवेल टाकलेली. मायने विचारलं, ही कोणाची गो? मी म्हटलं, राज्यपालाच्या आयशीची. तर म्हणाली, "मगे ती येतली तेव्हा बसतली." अधिकारी बिचारा खुर्चीवरचा टॉवेल सारखा करू लागला. उद्या त्याचा माणूस पुन्हा पाहणीला येणार आहे, त्याच्या हाती हे पाकीट देईन. तुझ्या सरकारी टपालातून ते माझ्या पोस्टापेक्षा लवकर पोचेल.

मायला भेटायला तू यावंस की नाही, आणि आलास तर कोण म्हणून यावंस, एवढाच खरा प्रश्न आहे. नाताळापासून ती खाटेला खिळली हे तुला कळवलं होतं, आणि तुझ्या ऑफिसने पोच दिली होती, 'आपल्या पत्रातील मजकुराची नोंद घेण्यात आली आहे' अशी. प्रश्नाचं उत्तर मी देणार आहे. पण जन्मभर शाळेत मराठी शिकवलेली बाई थेट उत्तरावर येत नाही, हे तुला ठाऊक आहे. तू दुसऱ्यांना ताटकळत ठेवतोस, आज तू थोडा थांब.

तू लहानपणापासूनच राज्यपाल होतास, आमच्या मात्र ते उशिरा लक्षात आलं. बाबा भल्या पहाटे भट्टीतून पाव काढायचे, दत्ताराम माडावरून उतरवलेली माडी घेऊन यायचा, आणि त्या माडीवर पुढचं पीठ फुगायचं. मी टोपल्या भरायचे. तू ओट्यावर बसलेला असायचास. बाबा म्हणायचे पीठ सैल झालं, दत्ताराम म्हणायचा घट्ट आहे, आणि तुला विचारलं की तू दोघांकडे बघून गोड हसायचास. दोघांनाही वाटायचं, नेल्सन आपल्या बाजूचा. त्या हसण्यावर तू वकील झालास, मालवणच्या कोर्टात नाव मिळवलंस, आणि त्याच हसण्यावर दोनदा निवडणूक हरलास, कारण मत द्यायला लोकांना कोणत्या तरी बाजूचा माणूस लागतो. दुसऱ्या खेपेला अनामतही गेली. मायने तेव्हा नऊ दिवस उपास करून प्रार्थना केली होती, आता पुढल्या वेळी तरी याला पाव. देवाने तिचं ऐकलं, पण मागच्या दाराने. मतं न मागता विधान परिषद मिळाली, मग एक लहानसं मंत्रिपद, ज्यात तुझं काम फिती कापण्याचं होतं, आणि मग पक्षाला एका डोंगराळ राज्यात पाठवायला एक ख्रिस्ती नाव हवं झालं, ज्याने कधी कोणाला दुखावलेलं नाही असं. तुझ्याइतकं निरुपद्रवी नाव अख्ख्या कोकणात दुसरं नव्हतं. तू शपथ घेतलीस त्या दिवशी तोंडवलीपर्यंत फटाके वाजले आणि बाबांनी सायकलवरून घरोघर पाव फुकट वाटले. म्हातारा खुळ्यासारखा आनंदात होता, हे मी तुला तेव्हा लिहिलं होतं. तू उत्तरादाखल तुझा पदवीदानाच्या झग्यातला फोटो पाठवलास.

त्याच्या पुढच्याच मे महिन्यात बाबा गेले. तो दिवस तुझ्या आठवणीत कसा आहे मला माहीत नाही, कारण तू त्यातला शेवटचा तासच पाहिलास. आमचा असा होता. सकाळी पेटी तयार झाली, फादर तयार होते, सगळी वाडी अंगणात होती, आणि तहसीलदार सांगत होता की साहेब वाटेत आहेत. धक्क्यावरच्या मासळीच्या बर्फाच्या लाद्या आणून बाबांना त्यांवर ठेवलं होतं. दुपार झाली, साहेब वाटेत होते. बर्फाचं पाणी ओसरीवरून अंगणात वाहत गेलं आणि लोक पाय उचलून उभे राहिले. दुसऱ्यांदा बर्फ आणला, तोही वितळला, साहेब वाटेतच. मग शाळेच्या मैदानात हेलिकॉप्टर उतरलं आणि पोलिसांनी लोकांना मागे रेटलं. कबरस्तानात ज्यांच्याकडे पास त्यांनाच सोडलं. बाबांचा पाव खाऊन मोठी झालेली माणसं फाटकाबाहेर, आणि आत पालकमंत्री, ज्यांनी बाबांना जन्मात पाहिलं नव्हतं. दत्तारामला शिपायाने हात आडवा घातला. तो ओरडला, "मिया जल्मभर तेच्या पिठाक माडी दिलंय, आणि माका पास होयो?" तुला ते ऐकू गेलं होतं. तू मान वळवलीस, मी पाहिलं, आणि मग तू पुन्हा समोर बघू लागलास. कोणाची बाजू घ्यायची वेळ आली की तू नेहमी समोरच बघतोस.

मायला तिसऱ्या रांगेत बसवलं होतं. माती द्यायची वेळ झाली तेव्हा आधी सगळ्यांची पुष्पचक्रं झाली आणि मग कोणीतरी म्हणालं की साहेबांना उशीर होतोय. घरी आल्यावर तिचे हात धुवायला मी तांब्या घेऊन गेले, तर तिची मूठ मिटलेली. उघडली, तर आत कबरस्तानातली माती. तिची मूठभर माती बाबांना मिळालीच नव्हती. ती माती तिने पितळेच्या वाटीत घालून घरच्या आल्तारावर, क्रुसापाशी ठेवली, आणि हात धुवून मला म्हणाली, "माका पुरून येवा, हातपाय धुवा, आणि मगे तेका सांगा." तुझं नावसुद्धा तिने घेतलं नाही.

नंतर तू बाबांच्या कबरीवर संगमरवरी दगड बसवलास. त्यावर 'महामहिम राज्यपाल यांचे वडील' ही अक्षरं मोठी आणि त्यांचं स्वतःचं नाव, 'बाप्तिस्त', लहान. आता महामहिम म्हणायचं बंद झालंय म्हणे, आणि राजभवनाचंही लोकभवन झालं असं पेपरात वाचलं. दगडावरचं मात्र बदलता येत नाही.

तुझा त्या डोंगराळ राज्यातला कारभार आम्ही टीव्हीवर बघायचो. धरणात ज्यांची घरं बुडाली त्यांना जमीन देण्याचा कायदा विधानसभेने करून तुझ्याकडे सहीला पाठवला, आणि तू तो टेबलावर ठेवून दिलास. होय नाही, नाही नाही. पत्रकारांनी विचारलं की गोड हसून म्हणायचास, विषय विचाराधीन आहे. तुझ्या फाटकासमोर बायका पोरंबाळं घेऊन पावसात बसल्या होत्या. मायने विचारलं, "ह्यो बायलो कित्या बसल्यात गो?" मी म्हटलं, नेल्सनच्या सहीसाठी. "मगे कर म्हणून सांग तेका. तेचो हात दुखता काय?" मी खरंच फोन केला. दोन दिवसांनी तुझा आला, आणि तू म्हणालास, बाय, ते तुला कळायचं नाही. मला कळलं होतं रे. दिल्लीतल्या कोणाला ती सही नको होती, आणि तुला पुढचं राज्य हवं होतं. ते मिळालंही, आधीच्यापेक्षा मोठं, समुद्रकाठचं. त्या बायकांचं काय झालं, ते पुढे टीव्हीने दाखवलं नाही. दाखवलं असतं तरी तू समोरच बघितलं असतंस.

गेल्या वर्षी तू आलास तेव्हा मायने पहाटे उठून, गुडघे धरत, तुझ्यासाठी तिसऱ्यांचं सुकं केलं. तुझ्या ताफ्यातला डॉक्टर आला, चमच्याने चव घेतली, थोडं बाटलीत भरून वर सील लावलं, आणि म्हणाला की साहेबांसाठी वेगळा डबा आणलाय. तू तिच्यासमोर बसून तो डबा खाल्लास. आपल्या आयशीच्या हातचं विष निघेल अशी भीती असलेला मुलगा मी पहिल्यांदाच पाहिला. तुला नियम मोडता आला असता, एक शिंपली उचलली असतीस तर डॉक्टर काय तुझा हात धरणार होता? तू गेल्यावर मायने ते भांडं दत्तारामकडे पाठवून दिलं. मग यंदा जानेवारीत ती टॉवेलवाली खुर्ची ओसरीवर आली, तेव्हा मला जवळ बोलावून बाबांच्या वेळचंच वाक्य तिने पुन्हा म्हटलं आणि माझ्याकडून शब्द घेतला.

तर आता उत्तर. माय काल दुपारी गेली आणि आज सकाळी आम्ही तिला पुरलं, बाबांच्याच जागेत. सरपंच संचिताने वाडीच्या ग्रुपवर बजावलं होतं की माती होईपर्यंत कोणी स्टेटस ठेवायचं नाही, आणि एकानेही ठेवलं नाही. ताफ्यासाठी रुंद केलेल्या पाणंदीतून पेटी चौघांच्या खांद्यावर आरामात गेली, तेवढे तुझे उपकार. ऐंशीच्या दत्तारामने पुढचा खांदा सोडला नाही. फाटक सताड उघडं होतं आणि ज्याला द्यायची त्याने माती दिली. वाटीतली मीही घातली. तुझा दगड कबर उघडताना काढावा लागला, तो भिंतीला टेकवून ठेवलाय, अक्षरं भिंतीकडे करून.

आता तू म्हणशील, आईची इच्छाच तशी होती. पेपरात तसं निवेदनही काढशील, आणि वाचून लोक हळहळतील. ती पळवाट तुला मिळू नये म्हणून मी हे पत्र लिहायला बसले. नेल्सन, शेवटच्या दोन दिवसांत ताप डोक्यात गेला आणि माय सगळं विसरली. बर्फ विसरली, पास विसरली, मूठभर माती विसरली, मला दिलेली ताकीदसुद्धा विसरली. फक्त तू राहिलास, भट्टीच्या ओट्यावर बसणारा. "नेलू खंय? इलो?" तेवढंच विचारत होती. तुझ्या एडीसीचा, त्या गणवेशातल्या सहायकाचा, नंबर फ्रिजवर चिकटवलेला आहे. चिपीला विमान उतरतं, तू संध्याकाळपर्यंत पोचला असतास. मी फोन हातात घेतला, आणि विषय विचाराधीन ठेवला. तिला म्हटलं, वाटेर आसा. ती दाराकडे तोंड करून पडली. थोड्या वेळाने पुन्हा विचारायची, आणि मी पुन्हा तेच सांगायचे, थेट त्या तहसीलदाराच्या आवाजात. मला तिची दया येत होती आणि तरी तुझा राग त्याहून मोठा होता. गेली तेव्हाही तिचं तोंड दाराकडेच होतं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, फादरलाही नाही. फक्त तुला सांगते आहे, म्हणजे यापुढे जिथे जिथे तुझ्यासाठी राष्ट्रगीत वाजेल आणि तू समोर बघत उभा राहशील, तिथे तुला ते दार दिसेल. आता सवडीने ये. पाणंद रुंद झाली आहे आणि वाट बघणारं कोणी नाही.

तुझीच,
बाय
(रोझालिना)